पाट्यांची चढाओढ

शहरांतील बाजारपेठांच्या विद्रूपतेविषयीं बोलणें निघालें म्हणजे बहुतेक लोक दुकानदारांच्या अभिरुचीला नांवें ठेवतात. माझ्या मतें हें निदान चुकीचें आहे. दुकानदार सौंदर्याचा शत्रु नसतो. आपल्या दुकानांत तो माल किती नीटनेटका मांडतो तें पाहावें. रोग आहे तो चढाओढीचा. शेजाऱ्यानें चार फुटांची पाटी लावली कीं आपली तीन फुटांची दिसेनाशी होते, म्हणून ती सहा फुटांची करणें भाग पडतें. मग शेजारी तिच्यावर झगझगीत दिवे लावतो. अखेर खर्च सर्वांचाच वाढतो आणि गिऱ्हाइकाला एकही पाटी धड वाचतां येत नाहीं.

मुंबईचा दादाभाई नवरोजी रस्ता, पूर्वींचा हॉर्नबी रोड, या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. १८६० नंतरच्या दशकांत किल्ल्याचा तट पाडला गेला व पुढें हा रस्ता रुंद झाला. शतकाच्या अखेरीस येथील इमारतींना पदपथावर सलग कमानी ठेवण्याचें बंधन आलें. प्रत्येकानें आपल्या आवडीची शैली निवडली, पण कमानींची रांग तुटूं दिली नाहीं. पायीं जाणाराला ऊन-पावसांत आसरा मिळाला तो त्यामुळें. कालांतरानें याच कमानींवर पाट्या चढल्या आणि दगडी नक्षी झांकली गेली. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानदारांना एकत्र आणून पाटी कमानीच्या आंत व बेताची असावी असें ठरविण्यांत आलें, आणि अनेकांनीं ती मान्य केली. सर्वांचीच पाटी लहान झाल्यावर कोणाचें काय बिघडणार? (पाटी कोणत्या लिपींत असावी यावर आपण पुष्कळ वाद घालतों, ती केवढी असावी यावर मात्र कोणी अवाक्षर काढीत नाहीं.)

कायदा नाहीं असें नव्हे. मालमत्तेचें विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रांत १९९५ पासून आहे. परंतु पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकांत झळकत असतां एखाद्या शिंप्याला त्याची पत्र्याची पाटी उतरविण्यास कोणत्या तोंडानें सांगावें?

त्याहून भयंकर कारण म्हणजे डोळ्यांची संवय. १३ मे २०२४ रोजीं घाटकोपर येथें जाहिरातीचा एक अजस्र फलक वादळांत पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसें प्राणास मुकलीं. महापालिकेची मर्यादा ४० फूट लांब-रुंद. हा फलक १२० फुटांचा होता! तो कांहीं लपवून ठेवलेला नव्हता. रोज हजारों माणसें त्याच्याकडे पाहत जात-येत होतीं.

विद्यार्थ्यांनीं मुंबईस गेल्यास बोरीबंदराकडून त्या कमानींखालून एकदां पायीं चालून यावें, आणि मग आपल्या गांवच्या पेठेंत मान वर करून पाहावें. कित्येक पाट्यांच्या मागें कोरीव लांकडी सज्जे अजून शाबूत सांपडतील.