करहेकाठची मोटारबोट

मोरगावला करहा नदी आहे असे आम्ही म्हणतो, ते निम्मे सवयीने. वर नाझरे धरण भरले आणि पाणी सोडले तर नदी. नाही तर उन्हाळ्यात पात्रात दगड, बाभळी आणि शेळ्या. अशा गावातून आमच्या भाच्याचा फोन आला, "मामू, बोट घेतोय." आम्हाला वाटले, बोलेरो म्हणाला असेल. दोनदा विचारून घेतले. बोटच होती.

भाचा म्हणजे आमच्या थोरल्या आपाचा धाकटा. सुप्याच्या रस्त्याला त्याचे गॅरेज आहे. मयूरेश्वराला येणाऱ्या भाविकांच्या गाड्यांवर ते चालते. चतुर्थीला तर त्याला जेवायला फुरसत नसते. (त्या देवळाच्या चार कोपऱ्यांना मिनार आहेत. पहिल्यांदा आलेले आमचे पाहुणे लांबून बघून हटकून विचारतात, "ही मशीद कुणी बांधली?") पोरगा हाताचा चांगला, इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगणारा. मोरगावहून साठेक किलोमीटरवर भिगवण. तिथे उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते बघायला पुण्या-मुंबईची माणसे येतात आणि कुंभारगावचे मच्छीमार त्यांना आपल्या नावांतून फिरवतात. भाच्याचे म्हणणे असे की लाकडी फळीवर बसून कोण किती दिवस जाईल? केबिनवाली, गादीवाली बोट आणली तर शहरातले लोक चौपट पैसे देतील.

बोट त्याने मोबाइलवर शोधली होती. अलिबागच्या बाजूला उभी, अठ्ठावीस फुटी, परदेशी बनावटीची, 'एक्स्प्रेस क्रूझर' जातीची. म्हणजे पुढच्या निमुळत्या भागात खाली झोपायची केबिन, मागे उघडी बैठक, आणि तळ असा की वेग घेतला की बोट नाक वर करून पाण्यावरून घसरत जाते. विकणाऱ्याने अठरा लाख सांगितले होते आणि भाच्याने पन्नास हजार बयाणा देऊनही टाकला होता. बाकीचे कुठून? आठ लाख दुल्हाभाईंच्या मागे विकलेल्या अर्ध्या एकराचे. साडेचार लाख आपाने हजसाठी साठवलेले. उरलेले फायनान्सवाल्याकडून, व्याजाने.

आपा आम्हाला एवढेच म्हणाली, "तो म्हणतो दोन हंगामांत हजचे पैसे दुप्पट करून देतो. तू एकदा डोळ्याने बघून ये. मग मी हो म्हणते नाही तर नाही."

आम्हाला बोटीतले काय कळते? म्हणून राजपुरीच्या एका सोयऱ्यांना बरोबर घेतले. सत्तरी ओलांडलेले तांडेल. उमेदीत मासेमारीच्या बोटीवर, नंतर जंजिऱ्याला माणसे पोचवणाऱ्या शिडाच्या होडीवर. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरलो, तिथून रिक्षाने एका खाडीच्या तोंडाशी. ओहोटी होती. बोट गाळात टेकलेली, पांढरी, काळ्या काचांची. खरे सांगायचे तर आम्हीही भुललो. आत छोटा ओटा, गॅसची शेगडी, आरसा. भाचा तर सुकाणूच्या चाकापुढे जाऊन बसलाच.

तांडेलचाचा वर चढलेच नाहीत. त्यांनी पिशवीतून लाकडी हातोडी काढली आणि बोटीच्या अंगावर हळूहळू ठोकत फिरू लागले, कुंभाराकडचे मडके वाजवून बघतात तसे. फायबरचा थर चांगला असेल तिथे टणटण आवाज येतो. मागच्या सपाट भिंतीपाशी, जिथे इंजिनाचा सगळा भार असतो, तिथे आवाज बसका झाला. "इथे आत लाकूड आहे आणि ते ओले झालेय," चाचा म्हणाले. वरून फायबर चकचकीत, पण स्क्रूच्या भोकातून पाणी शिरत राहते आणि आतली फळी कुजते. ही भिंत बदलायची म्हणजे इंजिन उतरवावे लागते. तळाला बारीक फोडही होते. ते मात्र चाचांनी फारसे मनावर घेतले नाहीत. बरीच वर्षे पाण्यात राहिलेल्या फायबरला ते येतात, घासून लेप देता येतो.

मग भाच्याची पाळी. इंजिन त्याच्या ओळखीचे निघाले, मोठ्या मोटारीचेच आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, समुद्रासाठी बदललेले. त्याने हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. इंजिन कोमट होते. आम्ही पोचण्याआधी कुणीतरी ते चालवून गरम करून ठेवले होते. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यालाही ठाऊक असते की गाडी थंड असताना पहिल्या आवाजाला कशी उठते ते बघायचे. तासाभराने त्याने प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. सगळे आकडे जवळजवळ सारखे हवेत, फार तर दहा टक्क्यांचे अंतर. सहा ठीक होते, शेजारशेजारचे दोन बरेच खाली. अशा इंजिनाला थंड ठेवायला बाहेरचे खारे पाणी खेचले जाते आणि धूर जाण्याच्या बिडाच्या नळ्यांतून तेच पाणी बाहेर पडते. खाऱ्या पाण्यात या नळ्या काही वर्षांतच आतून खाल्ल्या जातात. एकदा का भोक पडले की पाणी उलटे सिलिंडरमध्ये.

मागे बाहेर लोंबणारा जो पाय असतो, ज्याच्या टोकाला पंखा, त्याच्या तेलाचा स्क्रू सैल केला तर तेल चहासारखे दुधाळ. म्हणजे आत पाणी गेलेले. हा पाय जिथे बोटीतून बाहेर पडतो तिथे रबरी भाता असतो, लोहाराच्या भात्यासारखा चुण्यांचा. तो दर काही वर्षांनी बदलावाच लागतो. किमतीने किरकोळ, पण तो फाटला तर उभी बोट धक्क्यालाच बुडते. इथला भाता बोटाने दाबला तर चिरा दिसत होत्या.

भाच्याने किल्ली फिरवायला हात नेला तेव्हा चाचा पहिल्यांदा ओरडले. पेट्रोलची बोट आहे, पोटात वाफ साचते. आधी चार मिनिटे पंखा लावून हवा बाहेर काढायची, मगच चावी. मोटारीची वाफ खालून निघून जाते, बोटीला खाली जागा नसते. तीस वर्षांच्या मेकॅनिकला हे ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

कागदांचे आम्ही बघितले. गाडीला चासी नंबर तसा अमेरिकन बोटीला मागच्या भिंतीवर उजव्या हाताला, वरच्या बाजूला बारा अक्षरी नंबर कोरलेला असतो आणि त्याचे शेवटचे दोन आकडे म्हणजे बोटीचे साल. जाहिरातीत २०१२ होते. नंबरच्या शेवटी ०७. विकणाऱ्या गृहस्थांना विचारले तर म्हणाले, "टायपिंग मिस्टेक." परदेशातून आणताना भरलेल्या जकातीचे कागद? "एजंटकडे आहेत." बँकेचा बोजा? "तसा काही नाही." विम्याची मुदत केव्हाच संपलेली.

हे सगळे दुरुस्त होणारे होते, पैसे ओतले तर. खरी अडचण परतीच्या रो-रोवर चाचांनी काढली. त्यांनी विचारले, "तुमच्या त्या पक्ष्यांच्या पाण्यात माणूस उभा राहिला तर कुठवर येते?" भाचा म्हणाला, गुडघ्यापर्यंत, कुठे मांडीपर्यंत. लांब पायांचे पक्षी ते, चिखलातले खाणारे, उथळ पाण्यातच उतरणार. आणि या बोटीला पाय खाली सोडल्यावर तीन फूट पाणी लागते! पक्षी दिसायच्या आधी ती रुतणार, आणि नाही रुतली तर त्या इंजिनाच्या आवाजाने पक्षी पळसदेवच्या पलीकडे.

मग आम्ही पाकिटावर हिशेब मांडला. वेगात पळवली तर असे इंजिन तासाला पन्नास-साठ लिटर पेट्रोल पिते. शंभराच्या वरच्या भावाने पाच-सहा हजार रुपये. भाच्याचा अंदाज माणशी तीनशे, दहा माणसे, म्हणजे फेरीचे तीन हजार. हळू चालवली तर पेट्रोल पुष्कळ कमी लागेल, हे खरे. पण मग लाकडी नावेपेक्षा जास्त दिले कशाचे? शिवाय साडेतीन टनांची, जवळजवळ दहा फूट रुंद वस्तू बोरघाटातून वर आणायची. रस्त्यावर वाहनाला साधारण २.६ मीटर रुंदीची मुभा. ही त्याहून रुंद, म्हणजे ट्रेलर, वेगळी परवानगी आणि दोन्ही टोकांना क्रेन. उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यात गेली की पाणी काठापासून कुठच्या कुठे सरकते. तेव्हा ही मेमसाहेब ठेवायची कुठे? करहेत?

भाचा बराच वेळ कठड्याला टेकून उभा होता. मग म्हणाला, "मामू, कळाशीची बोट आठवतेय ना?" आठवत होती. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. एकजण पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. त्या दिवसानंतर बरेच दिवस इंदापूरकडच्या आमच्या नातेवाइकांत कुणी पाण्याचे नाव काढत नव्हते. "मला तसली बोट नको होती," तो म्हणाला, "म्हणूनच मोठी बघत होतो." हे त्याने आधी कुणालाच सांगितले नव्हते. आम्ही त्याला मनातल्या मनात हावरट ठरवून बसलो होतो, ते चुकले.

पण सुरक्षितता लांबीने येत नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. त्याप्रमाणे यांत्रिक बोटीची नोंदणी हवी, तपासणीचा दाखला हवा, विमा हवा, चालवणाऱ्याकडे पात्रतेचे प्रमाणपत्र हवे. आपल्याकडे हे काम मेरीटाइम बोर्डाचे, आणि पाणी धरणाचे म्हणून जलसंपदा खात्यालाही विचारावे लागते. यातले काहीही त्या पांढऱ्या बोटीबरोबर आपोआप येणार नव्हते.

उरला बयाणा. विकणाऱ्याचे म्हणणे, सौदा तुम्ही मोडला, पैसे बुडाले. आम्ही फोनवर शांतपणे सांगितले की साल चुकीचे सांगितले, इंजिन गरम करून दाखवले, कुजलेली भिंत लपवली. मालातला ऐब सांगणे विकणाऱ्यावर आहे, आणि लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, हे आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेले. बयाणा जप्त करण्याबद्दल मात्र फिक्हमध्ये मतभेद आहेत. हंबली मत त्याला मुभा देते, बाकीचे तिघे देत नाहीत. हे त्या गृहस्थांना सांगण्यात अर्थ नव्हता. बारा अक्षरी नंबरचा आणि जाहिरातीचा फोटो पाठवला, त्याचा उपयोग झाला. तीस हजार परत आले. वीस गेले. भाचा ते गॅरेजच्या कमाईतून आपाला महिन्याला दोन हजाराने फेडतोय.

सध्या तो दर रविवारी कुंभारगावला जातो. तिथल्या एका वयस्क मच्छीमाराबरोबर भागीत जुनी, सपाट तळाची फायबरची नाव बघून ठेवली आहे. वीत-दीड वीत पाण्यातही चालते. मागे लहान इंजिन बसवायचे आणि पक्ष्यांजवळ गेले की ते बंद करून वल्ही मारायची. नावेला व्याजाचे पैसे नाहीत, हजचेही नाहीत. तांडेलचाचांना हातोडी घेऊन बोलावले आहे. ते म्हणतात, पावसाळ्यात उजनी भरली की येतो, भरल्या पाण्यात नाव कशी बसते ते बघायचेय. आपाने अजून हो म्हटलेले नाही. तिने परवा फोन करून विचारले की नावेत दहा माणसे बसणार असतील तर जॅकेटे किती घेतली. भाचा म्हणाला, दहा. "आणि नाव चालवणारे दोघे?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला.