मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा का?

१/ विठ्ठलवाडीतल्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत मेकॅनिकल कीबोर्डची चर्चा किंमत आणि खडखडाट यांपाशीच थांबते. मराठी लिहिणाऱ्याचा खरा प्रश्न वेगळा आहे: कळांवर अक्षरे कोणती?

२/ १९५५ मध्ये गोदरेजने मुंबईत भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कचेऱ्यांना मराठी यंत्रे अपरिहार्य झाली. त्यांवर अक्षर धातूत कोरलेले असे. ते बदलणे टंकलेखकाच्या हाती नव्हते.

३/ संगणकाची कळ केवळ संकेत पाठवते. अक्षर आज्ञावली ठरवते. म्हणूनच १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट हा समान आराखडा प्रमाण ठरवला. स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे; ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर. बहुतेक संगणकांत तो विनामूल्य असतो.

४/ मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र स्विच असतो. रोज तासन्‌तास लिहिणाऱ्याने तो जरूर घ्यावा. परंतु मराठीतला वेग स्प्रिंग देत नाही, आराखडा देतो. म्हणून आधी इनस्क्रिप्ट शिकावे, मग पैसे मोजावेत. आणि मोजताना दुकानदाराकडे देवनागरी कळा आवर्जून मागाव्यात. कचेऱ्यांनी मागणी केली, तेव्हाच कारखान्यांनी मराठी अक्षरे ओतली होती.