वणवाबंदी : कायदा आहे, दवंडी कुठे आहे?

संक्रांत सरते आणि बालाघाटाच्या माथ्यावरील कुसळी गवत पिवळे पडू लागते. फाल्गुनात पळस फुलतो आणि त्याच सुमारास पाटोदा, आष्टी, धारूर, अंबाजोगाई या तालुक्यांतील डोंगरांवर रात्री तांबूस रेघ पेटलेली दिसते. दुरून ती दिवाळीच्या रोषणाईसारखी भासते; सकाळी मात्र तेथे काळी राख आणि होरपळलेली रोपे उरतात. दरवर्षी वनविभाग आवाहन करतो, वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी येते आणि तरीही डोंगर जळतच राहतात. असे का घडते, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

बीड जिल्ह्यात जंगल आहेच किती, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सुमारे १०,७०० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात वनक्षेत्राचे प्रमाण अवघे दोन टक्क्यांच्या आसपास आहे. परंतु ज्याच्या घरी मूठभरच धान्य असते, त्याला एका दाण्याचीही किंमत कळते. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य सुमारे तीस चौरस किलोमीटरचे आहे. लांडोर जमिनीवर अंडी घालते. गवताला लागलेल्या आगीपासून तेथे काहीच सुरक्षित राहत नाही. बीड शहरालगत पालवणच्या ओसाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने व वनविभागाच्या साहाय्याने ‘सह्याद्री देवराई’ उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरले. त्या देवराईलाही आगीची झळ सोसावी लागली आहे.

शिवाय या जिल्ह्यात डोंगर म्हणजे गुरांचा चारा होय. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत दावणीची जनावरे घेऊन शेतकऱ्यांनी चारा छावण्यांत मुक्काम ठोकला होता. ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना जळलेल्या डोंगराचा अर्थ सांगावा लागत नाही. चांगला पाऊसही आगीची भीती दूर करीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. अशा पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच आगीचे इंधन ठरते.

कायदा काय सांगतो?

वणव्याच्या हंगामातील बंदी हा कोणा अधिकाऱ्याचा नवा हुकूम आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनाला आग लावणे हा गुन्हा आहेच. परंतु वनाधिकाऱ्याने अधिसूचित केलेला काळ सोडून इतर वेळी तेथे विस्तव पेटविणे, ठेवणे किंवा नेणे हेही निषिद्ध आहे. म्हणजे बंदी हा नियम असून सूट हा अपवाद आहे. अभयारण्याच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे कलम ३० लागू होते. जंगलाबाहेर निष्काळजीपणे विस्तव हाताळून इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणारा मनुष्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली शिक्षेस पात्र ठरतो.

याच वन अधिनियमात एक तरतूद अशी आहे, जी गावकऱ्यांना क्वचितच सांगितली जाते. राखीव वनात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेल्यास, त्या वनातील चराईचे व वनोपजाचे हक्क राज्य शासन ठरावीक काळापुरते स्थगित करू शकते. काडी एकाने ओढली, तरी शिक्षा साऱ्या गावाला होऊ शकते. आणि ती सर्वांत जास्त कोणाला बोचेल? ज्याची स्वतःची जमीन नाही व ज्याच्या चार शेळ्या डोंगरावरच जगतात, त्याला! तेव्हा वणवा हा केवळ झाडांचा प्रश्न नसून न्यायाचाही प्रश्न आहे.

माणसे आग का लावतात?

वणवे बहुतांशी मनुष्यनिर्मित असतात. जुने गवत जाळले म्हणजे नवे हिरवे फुटते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती अगदीच निराधार नाही. आगीनंतर कोवळे कोंब खरोखर दिसतात. परंतु वारंवार जळणाऱ्या डोंगरावर पवन्यासारखे सकस गवत मागे पडते आणि आग सोसणारी कुसळी तेवढी फोफावते. तात्पुरत्या हिरवळीसाठी आपण कायमचा चारा गमावतो.

दुसरी आग शेतातून येते. बांधावरचे गवत, कपाशीच्या पऱ्हाट्या, उसाचे पाचट पेटविले जाते. दुपारी वारा सुटतो आणि ठिणगी डोंगर गाठते. येथे शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. गुलाबी बोंडअळी रोखण्यासाठी फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेत नष्ट करा, असा सल्ला कृषी विभागच देतो. ज्याच्यापाशी पऱ्हाट्यांचा भुगा करणारे यंत्र नाही, त्याच्या हाती उरते ती काडेपेटी. एक खाते नष्ट करा म्हणते, दुसरे जाळू नका म्हणते. मध्ये अडकतो तो शेतकरी.

पाचटाच्या बाबतीत मात्र पर्याय सोपा आहे. एक हेक्टर उसापासून साधारणतः आठ ते दहा टन पाचट मिळते. ते सरीत पसरून दर टनामागे सुमारे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजविणारे जिवाणू घातल्यास त्याचे जागेवरच खत होते व ओलही टिकते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाचट जाळणे म्हणजे खत आणि पाणी एकाच वेळी जाळणे होय.

विझवायला कोण आहे?

बीडचे खरे दुखणे याहून खोल आहे. दिवाळीच्या सुमारास येथील लक्षावधी स्त्री-पुरुष कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. म्हणजे डोंगर पेटू लागतात, तेव्हा कित्येक वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि लहान मुलेच उरलेली असतात. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना संबंधित वनकर्मचाऱ्याच्या मोबाइलवर पाठविते. सूचना आकाशातून वेळेवर येते; पण हिरव्या डहाळीने आग झोडपणारे हात दूर कोठेतरी फडात मोळ्या बांधीत असतात. अग्निशमनाचे बंब प्रामुख्याने नगरपालिकांकडे आहेत, आणि बंब डोंगर चढत नाही.

ऑस्ट्रेलियात उष्णता, वारा आणि गवताची शुष्कता पाहून ठरावीक विभागासाठी ठरावीक दिवसाची संपूर्ण आगबंदी जाहीर होते. त्या दिवशी उघड्यावर लाकूड-कोळशाची शेगडीही पेटविता येत नाही. प्रत्येक नागरिकाला कळते की, आज आग नाही. आपल्याकडे बंदी कायद्याच्या पुस्तकात बाराही महिने आहे. म्हणूनच ती कोणत्याच दिवशी जाणवत नाही. आज वारा मोठा आहे, आज बांध पेटवू नका, असे गावाला त्या दिवशी सांगणारा कोणी नसतो. एकेकाळी हे काम दवंडी करीत असे.

काय करता येईल?

नव्या कायद्याची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने जानेवारीतच सभा घेऊन जाळरेषा कोठे काढावयाच्या, हे वनविभागाबरोबर ठरवावे. ते काम गावात मागे राहिलेल्यांना मजुरीने द्यावे. त्यामुळे काही घरांतील एखादी तरी व्यक्ती ऊसतोडीला जाण्यावाचून राहू शकेल. वाळलेले गवत जाळण्याऐवजी कापून नेण्याची रीतसर मुभा मिळावी. पऱ्हाट्यांसाठी सामायिक यंत्र असावे. राज्यातील संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी संत तुकाराम वनग्राम योजनेखाली असे काम करून दाखविले आहे. आणि वाऱ्याच्या दिवशी मंदिर, मशीद व चर्च यांच्या ध्वनिक्षेपकांवरून एकच सूचना जावी. दवंडीला धर्म नसतो.

वाचकहो, वणव्याचा हा हंगाम बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळाशी जुळून येतो. पुनरुत्थानाच्या जागरणविधीत आपण चर्चच्या प्रांगणात नवा अग्नी पेटवितो. तो अग्नी पेटविण्यापूर्वी भोवतालचा पालापाचोळा झाडून घ्यावा, जवळ पाण्याच्या बादल्या ठेवाव्यात आणि विधीनंतर निखारे पूर्ण विझले आहेत, हे कोणीतरी थांबून पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले आहे. त्या घरात विस्तव कोठे ठेवावा आणि कोठे विझवावा, हे घरातील माणसांनीच ठरवावयाचे असते.