ड्रोनला झाडाचं बूड दिसत नाही

वरूडकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि मी इथे कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोला, ड्रोनच्या फोटोंवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर बाबांच्या बागेवर ड्रोन फिरवायचं मीच ठरवलं. पैसे इथून पाठवले, नकाशा फोनवर आला. बागेच्या उताराकडची चाळीसेक झाडं नकाशात लाल दिसत होती. सोबतच्या अहवालात लिहिलं होतं: नत्र कमी, युरिया द्या. मी लगेच बाबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, ‘‘तुह्या ड्रोननं झाडाचं बूड पाह्यलं काय?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बुंध्याची साल तडकून डिंक ओघळत होता. माती उकरली तर बारीक मुळांची साल हातात निघून येत होती. डिंक्या आणि मूळकूज! त्या भागात पावसाचं पाणी साचतं. कुजलेल्या मुळांना युरिया देऊन काय होणार? खताचे पैसे गेले असते आणि उपचाराचे दिवसही.

कॅमेरा खोटं बोलला नव्हता. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या तुलनेतून एनडीव्हीआय हा आकडा निघतो. हरितद्रव्य किंवा पालवी कमी झाली की तो उतरतो. पण नत्र कमी पडलं, चुनखडीच्या जमिनीत लोह अडकलं, ड्रिपर बुजला किंवा मूळ कुजलं, तरी आकडा उतरतोच. फरक कळतो तो पान हातात घेतल्यावर. नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं पिवळी पडतात. लोह कमी असेल तर कोवळी, आणि शिरा मात्र हिरव्या राहतात.

इथेही खताचा हिशोब नुसत्या नकाशावर करत नाहीत. फळ नसलेल्या फांद्यांवरची, वसंतात फुटलेली पानं उन्हाळा सरताना तोडून प्रयोगशाळेत पाठवतात. आपल्याकडे नकाशा विकताना नेमकी हीच पायरी गाळली जाते, असं माझं मत झालंय.

म्हणून ड्रोन नको असं मी म्हणणार नाही. सहा बाय सहा मीटरवर एकरी साधारण ११० झाडं बसतात. पाच एकरांत प्रत्येक झाडापाशी थांबणं साठीतल्या माणसाला जमत नाही. कुठल्या झाडांकडे आधी जायचं, हे ड्रोन छान सांगतो. तेवढंच त्याचं काम. गावात चार-पाच बागायतदारांनी मिळून एकदा ड्रोन फिरवला तर खर्चही वाटला जाईल. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचतगटांच्या महिला फवारणीचे ड्रोन चालवू लागल्या आहेत. त्यांनाच पुढे कॅमेऱ्याचं आणि पानांचे नमुने घेण्याचं शिक्षण द्यावं.

आणि माझ्यासारख्या परदेशातल्या मुलांना एक सांगणं. घरी ड्रोनसाठी पैसे पाठवाल, तर पान आणि माती परीक्षणाचेही त्यातच पाठवा. पान तपासल्याशिवाय खताचं नाव सांगणारा अहवाल घेऊ नका.

बाबांनी त्या भागात चर काढला, बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावली. काही झाडं गेली, बरीचशी सावरताहेत. नकाशा आता आधी त्यांच्याकडे जातो. ते लाल ठिपक्यांपाशी फिरून येतात आणि मग मला फोन करतात.