पोवळ्याचे बिऱ्हाड

बदलापूरला उल्हास नदी अजून नदीसारखी दिसते. अंबरनाथच्या शिवमंदिरालगतची वालधुनी मात्र कारखान्यांचे सांडपाणी आणि वस्त्यांचा मैला घेऊन उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीला मिळते. आपण नाकाला रुमाल लावून पुलावरून जातो. पाणी पुढे गेले, आपला संबंध संपला! ही समजूत किती खोटी, ते मला प्रवाळांविषयी वाचताना उमगले.

पोवळे म्हणजे अंगठीतला खडा, एवढेच आपल्याला ठाऊक. पण त्याच्या गोतावळ्यातली जिवंत प्रवाळे मालवणला आहेत, मुंबईत हाजीअली-वरळीच्या खडकांवरही आहेत. प्रवाळ हा प्राणी. पण तो एकटा जगत नाही. त्याच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसते. अंगावरच्या बुळबुळीत थरात, अगदी सांगाड्यातही असंख्य जिवाणू नांदतात. काही प्रवाळांची पिल्ले हे बिऱ्हाड आईकडून घेऊन येतात, काहींना ते समुद्राच्या पाण्यातून जमवावे लागते. कोवळ्या वयात येईल त्याला थारा मिळतो. पुढे निवड होत होत ठरावीक मंडळी स्थिरावतात.

पाणी तापले की हा संसार विस्कटतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते. मैल्याने पाणी नासले की जिवाणूंची घडी बदलते. कॉलऱ्याच्या जंतूचे भाऊबंद असलेले काही रोगजंतू बळावतात.

२०२० साली मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या. त्यांतल्या जगल्या किती, हे मोजता येते. पण बँकेतल्या नोकरीत मी अशी खाती पाहिली आहेत, की ताळेबंद चोख आणि धंदा आतून बसलेला. प्रवाळाचे आतले बिऱ्हाड नव्या पाण्यात रुळले का, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते.

वालधुनीचे पाणी हाजीअलीच्या प्रवाळापर्यंत पोचते, असा माझा दावा नाही. पण प्रत्येक किनाऱ्याला आपापली वालधुनी असते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे. ते तोडणाऱ्याचा हात धरता येतो. पाणी नासवणाऱ्यांसाठी १९७४चा कायदाही आहे. त्याचे काय झाले, ते आपण रोज पुलावरून पाहतो. घरमालकाला कायद्याचे छत्र आणि घरात विषारी पाणी, असा हा कारभार आहे. तो सुधारायचा, तर सुरुवात समुद्रापासून नव्हे, आपल्या नाल्यापासून करावी लागेल.