धक्का जातो कुठे?

घारापुरी उरण तालुक्यात येते, हे लेणी पाहायला जाणाऱ्या कित्येक मुंबईकरांच्या गावीही नसते. लेण्यांवरून आणखी वर टेकडी चढून जाणारे तर त्याहून थोडे. वर ब्रिटिशांनी बंदराच्या रखवालीसाठी बसवलेल्या दोन मोठ्या तोफा आहेत. गंजलेली नळी, खाली गोल लोखंडी बैठक आणि समोर खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. नळीच्या तोंडाशी हात लावून पाहावा: ते सरळ, साधे आहे, ना खाच ना भोक. गोळा सुटला की मागे येणारा धक्का बैठकीत उतरायचा आणि बैठकीतून टेकडीत मुरायचा. पाठीशी डोंगर होता, म्हणून चालले.

समुद्रावर ही सोय नव्हती. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी झुंजलेल्या मराठी आरमाराची ताकद छोट्या, चपळ होड्यांत होती. पुढे आंग्र्यांच्या काळातल्या गलबतांवर दोन ते चार पौंडी हलक्या तोफा असत. गुराबेवर, म्हणजे त्याहून मोठ्या जहाजावर, सहा ते बारा पौंडी तोफा चढवत, त्यांतल्या दोन नाळेकडे तोंड करून. तोफ समोर डागली की धक्का गुराबेच्या लांबीवर जातो. आडवी डागली तर होडी कलते. मोठ्या जहाजांवर तोफेचा गाडा मागे धावे आणि जाड दोरखंड त्याला आवरून धरी. त्या दोराच्या टप्प्यात उभ्या असलेल्या गोलंदाजाचे पाय मोडत. तोफेची ताकद किती, हे ठरवताना धक्का कोण सोसणार हेही ठरत होते. दारूगोळ्याच्या इतिहासात हा हिशेब क्वचितच मांडला जातो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

नळीच्या तोंडाशीच उपाय करावा, ही कल्पना फ्रेंच तोफखान्यातल्या त्रय द बोल्यू यांची. १८४२ मध्ये त्यांनी तोफेच्या नळीला पुढच्या बाजूस तिरपी भोके पाडून पाहिली. गोळ्यामागून सुसाटणारा वायू सरळ पुढे न जाता बाजूला आणि मागे वळला, तर तो नळीला पुढे ओढतो. नळीच्या तोंडावरच्या या साधनाचे, म्हणजे मझल ब्रेकचे, सारे शास्त्र एवढ्यात आले. १२.७ मिलिमीटरच्या आजच्या रायफलीत गोळी साधारण ४३ ग्रॅमची आणि दारू १५ ग्रॅमच्या आसपास. पण वायू गोळीपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडतो. म्हणून एकूण धक्क्यातला सुमारे तिसरा हिस्सा नुसत्या वायूचा असतो, आणि ब्रेकला धरता येतो तो हाच.

एवढा मोठा धक्का माणसाच्या खांद्यावर आला तो पहिल्या महायुद्धात. रणगाडे भेदण्यासाठी जर्मनांनी १९१८ मध्ये माउझरची १३.२ मिलिमीटरची रायफल काढली. तिला ब्रेक नव्हता, दस्त्याला उशीही नव्हती. खांदे सुजत, डोकी ठणकत. जवान आळीपाळीने ती चालवत. ब्रिटिशांच्या बॉइज रायफलीला मझल ब्रेक, झटका पिणारी सरकती नळी आणि गादी असे तिन्ही दिले, तरी ती कुणाची लाडकी झाली नाही. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत बॅरेटने बाणाच्या टोकासारखा ब्रेक आणला आणि एवढी मोठी रायफल एकट्या माणसाला बऱ्यापैकी पेलू लागली. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीची ‘विध्वंसक’ १२.७, १४.५ आणि २० मिलिमीटरच्या नळ्या घेते. तीही ब्रेकशिवाय चालवायची म्हटली तर खांदा टिकणार नाही.

पण वळवलेला वायू कुठे तरी जातोच. ज्या ब्रेकची वायू वळवणारी पाती मागे झुकलेली, तो धक्का सर्वांत जास्त तोडतो, आणि स्फोटाची लाट मागे-बाजूला फेकतो तीही सर्वांत जास्त. नेमबाजाशेजारी हातभर अंतरावर दुर्बीण घेऊन पालथा पडलेला जोडीदार त्या लाटेत असतो. १४० डेसिबलच्या वर एकच आवाज कान कायमचा बिघडवू शकतो, आणि ब्रेक लावलेली मोठी रायफल १६० सहज ओलांडते. खालच्या बाजूला भोके असली तर कोरड्या जमिनीवर धुळीचा लोट उठतो. दुसरी गोळी झाडायला समोर काही दिसत नाही, आणि शत्रूला मात्र जागा कळते.

म्हणून निवड करताना ‘धक्का किती टक्के कमी’ या एकाच आकड्यावर भाळू नये, असे माझे ठाम मत आहे. भोके दोन्ही बाजूंना सारखी असावीत, तळाशी नसावीत. पाती सौम्य झुकलेली असली तर धक्का थोडा जास्त खाऊ, पण जोडीदाराचा कान वाचवू. बसवणी तर केसभरही वाकडी चालत नाही. २०१७ मध्ये ‘धनुष’ तोफेच्या चाचण्यांत गोळा मझल ब्रेकलाच लागला होता. तपास आणि पुन्हा चाचण्या होऊन ती तोफ २०१९च्या एप्रिलमध्ये लष्कराकडे आली. एवढ्या मोठ्या तोफेची ही कथा, तर रायफलीच्या आट्यांत जराशी तिरपी बसलेली ब्रेकची नळी गोळीचा मार्ग बिघडवणारच.

पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेने १५५ मिलिमीटरची ‘अटॅग्ज’ तोफ घडवली, २०१७ मध्ये तिने ४८ किलोमीटरचा पल्ला गाठला, आणि २०२५च्या मार्चमध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. हे काम अभिमानाचे आहे. अशा चाचण्यांत पल्ला, अचूकता आणि धक्का मोजतात, तसा शेजारी बसणाऱ्याच्या कानाजवळचा आवाजही मोजला जावा, आणि तो आकडा पल्ल्याच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरात छापला जावा. रायफल असो वा तोफ, प्रत्येक जवानाला कानात बोळा आणि वरून मफ अशी दुहेरी सोय सरावाच्या पहिल्या दिवसापासून मिळावी. घारापुरीच्या तोफेमागे अख्खा डोंगर होता. या जवानाच्या शेजारी त्याचा जोडीदारच असतो.