विश्लेषण : टाकी वेगळ्या आकाराची असेल, तर ती सुरक्षित कोण ठरवणार?

शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कंपनीत २३ सप्टेंबर २०२३ रोजी टँकरचा स्फोट होऊन कामगारांचा बळी गेला. बरोबर आठ महिन्यांनी, २३ मे २०२४ रोजी, डोंबिवली एमआयडीसीतील अमुदान केमिकल्समध्ये रिॲक्टर फुटला. मृतांची संख्या दहाच्या पुढे गेली. तेव्हा आधी बातमी पसरली ती ‘बॉयलर फुटल्या’ची. हा घोळ फक्त शब्दांचा नाही. नेमके काय फुटले हे कळल्याशिवाय ते तपासायचे कोणी, हेही कळत नाही.

कोणाची जबाबदारी?

वाफेचा बॉयलर बाष्पके संचालनालय तपासते. दाबाखालील वायूची १००० लिटरपेक्षा मोठी टाकी नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘पेसो’च्या अखत्यारीत येते. कारखान्यातील रिॲक्टरच्या सुरक्षेवर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय लक्ष ठेवते.

आकाराने काय बिघडते?

गोल टाकीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. सपाट पत्रा मात्र वाकतो. घरच्या कुकरमध्ये साधारण १ बार दाब असतो. १० बारच्या टाकीत १ चौरस मीटर सपाट पत्र्यावर सुमारे १०० टन भार येतो. तरीही रुग्णालयांत चौकोनी ऑटोक्लेव्ह वापरले जातात, कारण त्यांना बाहेरून पट्ट्या वेल्ड करून बळकटी दिलेली असते.

मग वेगळी रचना बेकायदा?

नाही. वायूच्या टाक्यांसाठीच्या २०१६च्या नियमांत ‘कोणत्याही आकाराचे’ बंद धातूचे पात्र येते. भारतीय मानक ‘आयएस २८२५’ किंवा अमेरिकी ‘एएसएमई’ संहितेत नेहमीच्या आकारांची सूत्रे आहेत. एखाद्या रचनेसाठी सूत्रच नसेल, तर ती तितकीच सुरक्षित असल्याचे निर्मात्याने दाखवावे आणि निरीक्षकाला ते पटावे, अशी ‘एएसएमई’ची अट आहे. त्यासाठी संगणकावर ताणाचे विश्लेषण करता येते किंवा नमुन्यावर प्रत्यक्ष दाबचाचणी घेता येते.

पाण्याची चाचणी पुरेशी नाही?

या संहितेच्या पहिल्या विभागानुसार टाकीत पाणी भरून साधारण १.३ पट दाब दिला जातो. टाकी त्या दिवशी टिकली, एवढेच त्यातून कळते. दाब हजारो वेळा चढला-उतरला की सपाट भागाच्या कोपऱ्यातील वेल्डला तडा जाईल का, याचे उत्तर त्यात नसते. त्यासाठी आकडेमोडच तपासावी लागते.

वरच्या दोन्ही दुर्घटना आकारामुळे घडल्या, असा याचा अर्थ नाही. पण प्रत्येक स्फोटानंतर चर्चा होते ती कारखाने हलवण्याची. हलवलेल्या कारखान्यातही टाक्या त्याच असतील. म्हणून चाचणीच्या दाखल्यासोबत रचनेची आकडेमोड कोणी केली आणि ती कोणी तपासली, ही दोन नावे प्रत्येक टाकीच्या नोंदीत असायला हवीत आणि ती कामगारांनाही पाहता यायला हवीत. वेगळी टाकी बनवणे हा गुन्हा नाही. ती सुरक्षित असल्याचे सिद्ध न करता तिच्याशेजारी माणसे उभी करणे हा मात्र गुन्हा मानला पाहिजे.